घाटाखालचं पाणी

साताऱ्याच्या माणसाला समुद्र लांबच वाटतो. खरं तर महाबळेश्वरात जिथं कृष्णा उगम पावते, तिथून अरबी समुद्र अवघा ६४ किलोमीटर. पण खुद्द कृष्णेनंच त्याच्याकडं पाठ फिरवली आणि चौदाशे किलोमीटरची पायपीट करून ती आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळाली, तिथं आमची काय कथा! आमच्या मुलखाचा सगळा उतारच पूर्वेकडं. पाणी तिकडं, ऊस तिकडं, सोयरिकी तिकडच्या, बाजार तिकडचा. पश्चिमेला बघावं तर सह्याद्रीची भिंत.

समुद्र मात्र आमच्याकडं नेमानं येतो. जुलैत चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहून बघा. सज्जनगड, ठोसेघर मागं टाकून वर गेलं की पवनचक्क्या सुरू होतात, आणि त्यांची पाती ज्या वाऱ्यावर गरगरतात तो सगळा अरबी समुद्रावरून आलेला, कड्याला थडकून वर चढलेला. छत्री उघडायची सोय नसते आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. कासची फुलं काय, कोयनेचं धरण काय, सगळं या वाऱ्याच्या जिवावर. शिवाय रोज पहाटे बर्फात घातलेली मासळी घेऊन टेम्पो वर येतात ते वेगळेच. एवढं सगळं घरपोच येत असताना आपणही कधीमधी खाली उतरून त्याला भेटून यावं, इतपत शेजारधर्म आमच्या घरात पाळला जातो. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री परत.

गाडी मी चालवते. नवऱ्याला घाट लागतो, त्यामुळं तो उंब्रज यायच्या आत गोळी घेऊन मागच्या सीटवर आडवा होतो. त्याच्या शेजारी आठवीतली मुलगी, मोबाइलवर नकाशा उघडून. पुढं माझ्या शेजारी अण्णा, म्हणजे माझे सासरे. अण्णांची सगळी नोकरी कोयना प्रकल्पावर गेली, पोफळी आणि अलोरे या दोन ठिकाणी. त्यामुळं आमच्या गाडीत समुद्राआधी नेहमी धरणाचं व्याख्यान होतं. पहिल्यांदा कंटाळा यायचा. आता मी स्वतःच विषय काढून देते.

साताऱ्याहून खाली उतरायला दोन घाट. आंबेनळीचा घाट महाबळेश्वरावरून पोलादपूरला उतरतो. देखणा आहे, वाटेत प्रतापगड आहे, पण शनिवारी सकाळी महाबळेश्वर ओलांडायचं म्हणजे वेण्णा लेकपाशीच निम्मी हौस फिटते. आम्ही कुंभार्ली धरतो. उंब्रजला हायवे सोडायचा, मल्हारपेठेवरून पाटणला यायचं. कराड-विट्याकडची मंडळीही याच रस्त्याला लागतात. सांगलीची मात्र बहुतेक आंबा घाट नाहीतर गगनबावडा पसंत करतात. या रस्त्याला सरकारी नंबर आहे, पण लोकांच्या तोंडी तो गुहागर-विजापूरच. मला या नावाची गंमत वाटत आली आहे. तिकडं जतच्या कुसळं उगवणाऱ्या माळावरून निघायचं, विटा, कराड, पाटण करत यायचं आणि थेट वाळूत जाऊन थांबायचं. पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट बघणारी गावं आणि माडांखालची गावं एकाच डांबरावर.

पाटण सुटलं की कोयना बरोबर चालू लागते. हेळवाकपाशी अण्णा गाडी थांबवायला लावतात. चहा हे निमित्त. कोयना महाबळेश्वरापासून सह्याद्रीला खेटून सरळ दक्षिणेला येते आणि इथं हेळवाकला अचानक काटकोनात पूर्वेला वळते, कराडला जाऊन प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. "इथं जर ती उजवीकडं वळली असती," अण्णा कपातली शेवटची धार बशीत ओतत सांगतात, "तर दुपारपर्यंत समुद्रात." नदीनं केलं नाही ते माणसांनी केलं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलं, चारशे मीटरहून जास्त खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडलं, तिथून ते कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा एकदा त्याच्यावर वीज काढली, आणि मग वाशिष्ठी नदीत सोडून दिलं. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादानं मुभा दिली. म्हणजे आमच्या डोंगरातल्या पावसाचा मोठा हिस्सा कृष्णेला न मिळता, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातो. १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये भरल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडून पाणी घेतलं, त्या 'लेक टॅपिंग'ची गोष्ट अण्णा अशी सांगतात की सुरुंगाची बत्ती यांच्याच हातात होती. नव्हती. ते त्या दिवशी इतरांसारखेच लांब उभे होते, हे सासूबाईंनी मला नंतर सांगितलं.

कोयनेबद्दल बोलताना अण्णा दोन ठिकाणी गप्प होतात. एक, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ते तेव्हा शाळेत होते, घर पाटण तालुक्यातच. भूकंपात घराची मागची भिंत गेली, माणसं वाचली. पण त्यांच्या आजीनं पुढं कितीतरी दिवस छपराखाली पाठ टेकायला नकार दिला आणि सगळं घर त्या थंडीत अंगणात झोपलं. दुसरं म्हणजे धरणग्रस्त. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्यातली काही घरं अजून पुनर्वसनाच्या कागदांसाठी हेलपाटे घालत आहेत. त्यांच्याच शिवारातल्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागले. अण्णांनी आयुष्यभर त्याच प्रकल्पाचा पगार खाल्ला, त्यामुळं या विषयावर ते भाषण करत नाहीत, खिडकीची काच खाली करतात.

घाटमाथ्यावर भजी खायची की नाही यावर गाडीत दोन पक्ष आहेत. मी खाऊन घेते. पुढची वळणं मोकळ्या पोटी घ्यावीत असं शहाणी माणसं सांगतात, पण शहाण्या माणसांना गाडी चालवायची नसते. कुंभार्ली फार अवघड घाट नाही, अवजड वाहनांनी तो अवघड केलाय. जांभ्याचे चिरे भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर येतात आणि वळणावर अख्खा रस्ता घेतात. आपण हॉर्न देऊन थांबायचं, घाई करायची नाही. पावसाळ्यात इथं दरड केव्हा खाली येईल याचा नेम नसतो, तेव्हा निघण्याआधी पाटणच्या किंवा चिपळूणच्या ओळखीच्या माणसाला फोन करावा. निम्मा घाट उतरला की हवा बदलते. कानात दडे बसतात, मग सुटतात. अंगाला शर्ट चिकटायला लागतो. मागून आवाज येतो, "आलं का?" नवरा जागा झालेला असतो.

चिपळूण आम्ही न थांबता ओलांडतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा बाजारपेठेत पाण्याच्या चिखलाची रेघ दुकानांच्या पाट्यांच्याही वर दिसत होती. धरणाचं पाणी, नदीतला गाळ, पाऊस आणि वरून भरतीची वेळ, यांतलं किती कुणामुळं यावर तिथं आजही माणसं तावातावानं बोलतात, आणि त्यांच्या तोंडून 'कोयना' ऐकलं की अण्णा जरा अवघडतात.

आता समुद्राबद्दल.

किनाऱ्यानं गाडीतून भटकायचं म्हटलं की सिनेमातला रस्ता डोळ्यांसमोर येतो: एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला तासन्‌तास निळं पाणी, मधून आपली गाडी. कोकणात हे होत नाही, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची इथं हमखास निराशा होते. आमच्या मुलीची झाली होती. गुहागरच्या मुख्य रस्त्यावर आम्ही होतो आणि ती म्हणाली, "आई, मॅपवर समुद्र अगदी चिकटून दाखवतोय. कुठाय?" होता तिथंच. फक्त मध्ये गाव होतं. गुहागर एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेलं आहे. वरचा पाट, खालचा पाट, मध्ये व्याडेश्वर. समुद्राकडच्या बाजूला घर, घरामागं विहीर, मग नारळी-पोफळीचं आगर, मग सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडं वाळू. समुद्राकडं प्रत्येक घराची पाठ. जो रोज उठून खारा वारा खातो त्याला समुद्राकडं तोंड करून ओटा बांधायची हौस नसते, ती आपल्यासारख्या घाटावरच्यांना. व्याडेश्वराच्या देवळामागच्या बोळातून चालत जायचं आणि मग एकदम समुद्र समोर येतो. दोन्ही बाजूंना नजर पुरत नाही एवढी सरळ पुळण, पाच-सहा किलोमीटरची.

गावातून बाहेर पडून दक्षिणेला निघालं तरी तोच खेळ. सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रात उतरतात, दर दोन फाट्यांच्या मध्ये एक चिमुकली खाडी किंवा वाळूचा तुकडा, आणि तिथं गाव. त्यामुळं रस्ता आधी सड्यावर चढतो. सडा म्हणजे काळपट जांभ्याचं उघडंबोडकं पठार. उन्हाळ्यात तवा, पावसात हिरवंगार, आणि माघ-फाल्गुनात काजूच्या मोहराचा आंबूसगोड वास. तिथं समुद्राचा मागमूस नाही. वाटतं आपण खटाव-माणात आहोत. मग उतार लागतो, रस्ता दोन वळणं घेतो, आणि समोर दोन डोंगरांच्या मध्ये निळं पाणी, त्याच्यावर एखादी होडी. जेमतेम पाचसहा सेकंद. पुन्हा माड आडवे येतात. पालशेतला उतरताना असं होतं, वेळणेश्वरला उतरताना होतं, आणि प्रत्येक उतारावर मागून "आलं का?" येतं. जयगडच्या पलीकडं गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा रस्ता तेवढा अपवाद. तिथं समुद्र खरोखर खिडकीत बसल्यासारखा बरोबर येतो. तो रस्ता सुंदर आहे यात वादच नाही. पण तिथं आता प्रत्येक वळणावर रील काढणारे भर रस्त्यात उभे असतात, आणि मला विचाराल तर सतत दिसणाऱ्या समुद्राची पंधरा मिनिटांत सवय होते. पालशेतच्या उताराची होत नाही.

तासाचा हिशेब कोकणात वेगळा ठेवावा लागतो. घड्याळाचा नाही, भरतीचा. आम्ही ज्यांच्या घरी उतरतो तिथले आजोबा संध्याकाळी ओट्यावर सुपारी कातरत बसलेले असतात. मी एकदा विचारलं, "आजोबा, उद्या पाणी केव्हा चढेल?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं मान केली. "तिथी काय उद्या?" अष्टमी. "आठाची पाऊणपट करा. सहा. सहाला भरती भरली." इतकं सोपं. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. पंधरा म्हणजे पौर्णिमा-अमावास्या, तिची सव्वाअकरा. पहाटेची तशीच, रात्रीचीही तशीच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण तास पुढं. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात हे मला माहीत आहे, मुलीनं लगेच काढून दाखवले आणि आजोबांचं गणित त्याच्याशी पाव तासाच्या आत जुळलं. आजोबा मोबाइलकडं न बघता परत सुपारी कातरायला लागले.

तेव्हापासून आमची सहल शनिवार बघून ठरत नाही, शनिवारची तिथी बघून ठरते. संध्याकाळी पाच-सहाला वाळूवर लांबवर चालायचं असेल, पोरांना शिंपले वेचायचे असतील, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठायचा. दुपारी उधाणाची भरती येऊन गेलेली असते आणि सूर्य बुडायच्या वेळी पाणी पार आत. हेदवीची बामणघळ बघायची असेल तर त्याच दिवशी पण भर दुपारी. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन खाली समुद्रावर उमामहेश्वराच्या देवळापाशी यायचं. खडकात एक अरुंद चीर आहे; उधाणाच्या भरतीला लाट तिच्यात शिरते, पुढं जायला वाट नसते, आणि मग सगळं पाणी धप्पकन वर उडतं. ओहोटीला तिथं गेलात तर नुसती एक घळ दिसते आणि गाडीतले लोक तुमच्याकडं बघतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ते दिवस जेवणासाठी चांगले. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, आयत्या वेळी "किती पानं?" एवढंच विचारतात आणि वरण-भात, आमटी, सोलकढी येते. मासे खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा हॉटेलच्या पाटीवर सुरमई दिसली तर ती कधीची हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. खाडीतली मासळी मागावी.

मला राग येतो तो वाळूवर गाडी घालणाऱ्यांचा. यात आमच्याकडच्या पासिंगच्या गाड्या कमी नसतात, एमएच अकरा, एमएच दहा, एमएच पन्नास, सगळ्या बघितल्यात. जाहिरातीत जीप पाणी उडवत धावते म्हणून आपलीही धावणार. ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी टणक असते, गाडी मजेत जाते. तासाभरानं पाणी चढायला लागतं, चाकाखालची वाळू ढिली होते आणि मग गाडी जागच्या जागी चर खणत खाली बसते. ट्रॅक्टर येईपर्यंत लाटा दाराला लागलेल्या असतात. तिथीची पाऊणपट येत नसेल तर निदान गाडी सुरूच्या बनाअलीकडं लावावी. गाडीचं काय व्हायचं ते होवो, पण त्याच वाळूत कासवं अंडी घालतात. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या थंडीत रात्री वर येतात, वाळूत खड्डा करतात, अंडी घालून परत जातात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली, पुढं ते काम किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरलं. आता गुहागरच्या वाळूवर कुंपण घातलेली हॅचरी आहे, घरट्यांवर तारखांच्या पाट्या आहेत, आणि पिल्लं सोडायच्या वेळी पहाटे स्वेटर घातलेली माणसं दोरीमागं उभी असतात.

त्यातल्या दोन माद्यांच्या गोष्टीनं अण्णा पार खूश आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला 'बागेश्री' आणि 'गुहा' अशा दोघींच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवून सोडलं. बागेश्री किनाऱ्यानं खाली गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली. याच्या उलट, ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये जिच्या वल्ह्यासारख्या पायावर ०३२३३ नंबरची पट्टी मारली होती, ती मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास, असा अंदाज आहे. पूर्व किनाऱ्याची कासवं तिकडचीच आणि पश्चिमेची इकडचीच, असं आपण धरून चालत होतो. अण्णांचं म्हणणं असं, की घाटावरचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं तर कासवांनीच काय घोडं मारलंय.

रविवारी सकाळी आम्ही गुहागरहून उत्तरेला निघतो. अंजनवेलला गोपाळगडाच्या पडक्या तटावर एक चक्कर, शेजारी दीपगृह. तिथून वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. हाच तो पूर्वीचा एन्रॉन. १९९० च्या दशकात वर्तमानपत्रांची पहिली पानं यानं भरली होती, २००१ मध्ये बंद पडला, नंतर सरकारी कंपन्यांनी ताब्यात घेऊन चालवायला घेतला. गॅसवरचा हा प्रकल्प आणि पाण्यावर चालणारा कोयना, दोघांची क्षमता जवळपास सारखीच, १,९६० मेगावॅटच्या आसपास. एक वाशिष्ठीच्या उशाशी, एक पायथ्याशी. अण्णा तटावरून बराच वेळ त्या चिमण्यांकडं बघतात आणि दर वेळी एकच वाक्य बोलतात, "आमच्या पाण्याला बिल येत नाही." धरणग्रस्तांचं बिल मी तिथं काढत नाही.

आणि मग धोपाव्याची जेटी. मला विचाराल तर या सगळ्या भटकंतीतला हाच सर्वांत चांगला पाऊण तास. पलीकडं दाभोळ डोळ्यांना दिसतं, घरांची कौलं मोजता येतात. पण मध्ये खाडी, आणि गाडीनं वळसा घ्यायचा तर परत चिपळूण, खेड, दापोली करत शंभराहून जास्त किलोमीटर. फेरीबोट आली की आधी पलीकडची माणसं आणि गाड्या उतरतात, मग खलाशी बोटांनी खुणा करत एकेक गाडी आत घेतो. दोन गाड्यांच्या मध्ये एवढीच जागा ठेवतो की दार उघडून बारीक माणूस बाहेर पडावा. उरलेल्या फटींत मोटारसायकली. कुणाच्या मागं बर्फाची पेटी, कुणाच्या पुढ्यात कोंबड्यांची पाटी. लग्नाला निघालेल्या बायका गजरे सांभाळत कठड्याशी. लोखंडी पाटा साखळीवर वर येतो, इंजिन घुमतं, आणि गाडीचं स्टिअरिंग हातात असून आपण काहीही चालवत नाही अशी ती दहा मिनिटं सुरू होतात. मी दर वेळी इंजिन बंद करून खाली उतरते.

अण्णा कठड्यावरून वाकून खाली बघत असतात. पाणी हिरवट-तपकिरी, गढूळ. भरतीला त्यात समुद्र असतो, ओहोटीला नदी, आणि नदीत पोफळीहून सुटलेलं पाणी. कोकणातल्या बाकीच्या नद्या चैत्रात कोरड्या पडतात तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते ती त्याच्यामुळं. "हे बघ," ते नातीला सांगतात, "यातलं थोडं आपल्याकडचं." ती विचारते, "कुठलं?" यावर अण्णांकडं उत्तर नसतं, पण बोट मात्र पाण्याकडं रोखलेलं असतं.

गेल्या खेपेला शेजारी एक गृहस्थ मोटारसायकलला टेकून उभे होते, दाभोळचे. रोज या बोटीनं कामाला ये-जा करणारे. मी आपली उत्साहानं म्हणाले, "किती छान आहे हो तुमचं, रोज बोटीनं प्रवास!"

ते हसले. "छान तुमाला, रविवारी. आमच्या आईला रात्री छातीत दुखायला लागलं, शेवटची बोट गेलेली. दापोली गाठली आमी. पूल झाला पायजे."

सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे १९८० च्या सुमाराची. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानं एकच रस्ता. रस्त्याचे तुकडे होत गेले, अडलं ते मोठ्या खाड्यांपाशी. आताच्या आराखड्यात दाभोळ आणि जयगड या दोन्ही खाड्यांवर पूल आहेत. पूल झाला की दाभोळ-धोपावे हे अंतर दोन मिनिटांचं होईल, फेरीबोटीचं काय होईल कोण जाणे, आणि शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या न थांबता सरळ गुहागरात येतील. त्याचं मला भय वाटतं. पण माझ्या दहा मिनिटांच्या सुखासाठी कुणी रात्री बोट नाही म्हणून अडून राहावं, हे काही खरं नाही. पूल व्हावा. लवकर व्हावा. आवडणाऱ्या गोष्टीच्या विरुद्ध मत द्यायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही, ही आली.

मी त्यांना तसं सांगितलं. अण्णा मध्येच म्हणाले, "पूल होईल हो. टोल किती बसवतात ते बघा."

"टोलचं नका काढू," ते म्हणाले. "बोटीला काय कमी जातात पैसे? महिन्याचा हिशेब घालून बघा." आणि त्या दोघांनी खरोखरच हिशेब घालायला सुरुवात केली, मोटारसायकलच्या सीटवर बोटानं आकडे काढून. दाभोळ आलं, साखळी खडखडली, खलाशानं आमच्या गाडीवर थाप मारली, "ताई, चला, मागं टेम्पो हाय," तरी त्यांचं संपलेलं नव्हतं. शेवटी मी गाडी काढून जेटीवर उभी केली आणि अण्णांना हाक मारली. चंडिकादेवीला जाऊन, दापोलीत जेवून, खेडवरून अंधार पडायच्या आत कुंभार्ली चढायचा होता, आणि नवरा गोळी शोधत होता.